पंचाहत्तर डॉलरच्या लॉटमधले यंत्र : सोनी-निन्टेन्डो प्रोटोटाइपचे प्रकरण

२००९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील ॲडव्हान्टा या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. लहान उद्योगांना क्रेडिट कार्ड देणे हा तिचा व्यवसाय होता आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंग हाउस येथे तिचे मुख्य कार्यालय होते. कंपनी बुडाल्यावर कार्यालयातले सामान रिवाजाप्रमाणे लिलावात निघाले. अशा लिलावात एकेक वस्तू हातात घेऊन तिची पारख करायला कोणालाच सवड नसते. जागा रिकामी करून द्यायची असते, म्हणून हाताला येईल ते एकत्र करून त्याचे लॉट पाडतात आणि बोली लॉटवर लागते. त्याच कंपनीत देखभालीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी असा एक लॉट ७५ डॉलरला घेतला. त्यात मुख्यतः भांडीकुंडी होती. भांड्यांबरोबर एक जुने, पिवळट पडलेले यंत्रही आले. त्याच्यावर सोनीचे नाव होते, पुढच्या बाजूला सीडीची जागा होती आणि वर कार्ट्रिज बसवायची खाच. आपल्याकडे व्हिडिओ गेमच्या ज्या वस्तूला सरसकट ‘कॅसेट’ म्हणत, तीच ही कार्ट्रिज. गृहस्थांनी यंत्र घरी नेले आणि माळ्यावर ठेवून दिले. ते तिथे जवळपास सहा वर्षे पडून होते.

ते यंत्र म्हणजे सोनी आणि निन्टेन्डो या दोन कंपन्यांनी मिळून बनवायला घेतलेल्या आणि बाजारात कधीच न आलेल्या ‘प्ले स्टेशन’ या व्हिडिओ गेम यंत्राचा प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीपूर्वी कामासाठी बनवलेला नमुना, होता. २०२० च्या मार्चमध्ये ते ३,६०,००० डॉलरला विकले गेले. बातम्यांमध्ये या दोन आकड्यांमधल्या तफावतीचीच चर्चा अधिक झाली. ती तफावत मोठी आहे हे खरे, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा प्रश्न वेगळा आहे. ही वस्तू कोणाकोणाच्या ताब्यातून गेली, प्रत्येक टप्प्यावर तिला काय समजले गेले, आणि ती खरी असल्याचे शेवटी कशावरून ठरले, हे या प्रकरणात बऱ्यापैकी स्पष्टपणे पाहता येते. बहुतेक प्रोटोटाइपांच्या बाबतीत ही साखळी मधेच कुठेतरी तुटलेली असते.

करार आणि शिकागोतील दोन दिवस

सोनीतील अभियंता केन कुतारागी यांनी निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या आगामी व्हिडिओ गेम यंत्रासाठी ध्वनीची चिप तयार केली आणि तेथून दोन्ही कंपन्यांमधला संबंध सुरू झाला. कुतारागींनी हे काम आपल्या वरिष्ठांपैकी बऱ्याच जणांना अंधारात ठेवून केले होते. ते उघडकीला आल्यावर सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा त्यांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून त्यांची नोकरी टिकली. १९८८ साली दोन्ही कंपन्यांमध्ये करार झाला. त्यानुसार सुपर फॅमिकॉमला जोडता येणारा सीडीचा भाग तयार व्हायचा होता, आणि त्याखेरीज कार्ट्रिज व सीडी दोन्ही चालतील असे एकसंध यंत्र सोनी स्वतःच्या नावाने विकणार होती. माळ्यावर सापडलेले यंत्र या दुसऱ्या प्रकारातले आहे. त्याचा मॉडेल क्रमांक एसएफएक्स-१००.

बिनसले ते सीडीच्या हक्कांवरून. कार्ट्रिजमध्ये निन्टेन्डोचा खरा नफा होता, कारण दुसऱ्या कंपन्यांना आपले खेळ विकायचे असतील तर कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्या लागत आणि त्याचे पैसे आगाऊ मोजावे लागत. सुपर फॅमिकॉमच्या मोठ्यात मोठ्या कार्ट्रिजमध्ये ६ मेगाबाइट माहिती मावे. सीडीत त्याच्या शंभरपट मावे आणि ती छापायला कार्ट्रिजच्या मानाने अगदी थोडा खर्च येई. तांत्रिकदृष्ट्या हा फायदाच होता. मात्र करारातील कलमांनुसार या सीडीवरील खेळांचे परवाने सोनीच्या हातात जात होते. म्हणजे निन्टेन्डोच्या यंत्रावर निन्टेन्डोला डावलून कमाई करण्याची वाट निन्टेन्डोनेच सही करून मोकळी करून दिली होती. हे ध्यानात आल्यावर अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी अमेरिकेतील शाखेचे मिनोरू अराकावा आणि हॉवर्ड लिंकन यांना गुपचूप नेदरलँड्सला पाठवले आणि फिलिप्स कंपनीशी स्वतंत्र बोलणी उरकली.

१९९१ च्या जूनमध्ये शिकागो येथे ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. तेथे सोनीने आपल्या ‘प्ले स्टेशन’ची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर काम करणार असल्याचे जाहीर केले. सोनीची ही नाचक्की व्हिडिओ गेमच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते, त्यामुळे येथे तिचा विस्तार करत नाही. पुढेही काही काळ दोन्ही कंपन्यांत वाटाघाटी चालू राहिल्या, पण यंत्र बाजारात आले नाही. कुतारागींनी मग सोनीचे स्वतंत्र यंत्र उभे केले आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी ते ‘प्लेस्टेशन’ या, आता एका शब्दात लिहिल्या जाणाऱ्या नावाने जपानमध्ये विक्रीला आले.

प्रोटोटाइप हरवतो म्हणजे काय

मूळ यंत्राचे सुमारे २०० नमुने बनले होते आणि प्रकल्प बंद झाल्यावर ते नष्ट करण्यात आले, असे संग्राहकांमध्ये अनेक वर्षे बोलले जात होते. ‘नष्ट’ हा शब्द अशा वेळी फार सहज वापरला जातो. प्रोटोटाइप ही विकायची वस्तू नसते, ती कामाची वस्तू असते. तिला ना खोके असते, ना किंमत, ना विक्रीचा हिशेब. ती अभियंत्यांच्या टेबलावर असते, विक्री विभागाच्या कपाटात असते, परीक्षणासाठी मासिकांकडे गेलेली असते, दुसऱ्या कंपनीतील खेळ लिहिणाऱ्यांकडे उसनी दिलेली असते. काम थांबले की परत मागवायला कोणी उरत नाही. परत आलेले नमुने मोडीत जातात. न आलेले जिथे असतात तिथेच राहतात.

नुसत्या खेळाचा प्रोटोटाइप असेल तर धोका आणखी वाढतो. हे खेळ बहुधा ईप्रॉम चिपवर लिहिलेले असत. या चिपच्या पाठीवर काचेची लहानशी खिडकी असते. तिच्यातून अतिनील प्रकाश पाडला की चिप कोरी होते आणि तिच्यावर पुन्हा लिहिता येते. कार्यालयात काटकसर म्हणून त्याच चिपा पुनःपुन्हा वापरल्या जात, म्हणजे कालचा खेळ पुसूनच आजचा लिहिला जाई. जो वाचला त्याची खिडकी कागदी लेबल चिकटवून झाकलेली असते. तीस वर्षांत त्या लेबलाचा गोंद सुटतो आणि चिपमधला विद्युतभारही हळूहळू ओसरू लागतो. एखाद्या संग्राहकाने अशी कार्ट्रिज काचेच्या कपाटात मांडून ठेवली आणि तिची प्रत कोणाला काढू दिली नाही, तर वस्तू जपली जाते आणि तिच्यातला खेळ मात्र कपाटातच मरतो. संग्राहकांमधला सर्वांत जुना आणि कडवट वाद हाच आहे. प्रत काढली, त्यांच्या भाषेत ‘डंप’ केली, की वस्तूचे एकमेवपण गेले आणि भाव उतरला, असे काही जण मानतात. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, पण ज्याने पदरचे पैसे मोजले त्याची धास्ती मला समजते.

आपले यंत्र मोडीत गेले नाही याचे कारण एक नाव आहे : ओलाफुर योहान ओलाफसन. मूळचे आइसलँडचे असलेले हे गृहस्थ १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात सोनीच्या अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक प्रकाशन आणि गेम व्यवसायाचे प्रमुख होते. १९९६ साली त्यांनी सोनी सोडली आणि पुढे ते ॲडव्हान्टात अध्यक्षपदावर आले. तेथूनही ते काही वर्षांत बाहेर पडले, पण त्यांचे काही सामान कार्यालयात राहून गेले. गेमशी काडीचाही संबंध नसलेल्या एका क्रेडिट कार्ड कंपनीत, एका माजी अध्यक्षाचे विसरलेले सामान म्हणून, हे यंत्र दहा वर्षांहून अधिक काळ पडून राहिले. ते सोनीच्या कार्यालयात राहिले असते तर एखाद्या आवराआवरीत नक्की मोडीत गेले असते. जिथे त्याला ओळखणारे कोणी नव्हते तिथे त्याला फेकून द्यायलाही कोणी पुढे आले नाही.

फोटो आणि संशय

२०१५ च्या जुलैमध्ये त्या गृहस्थांच्या मुलाने यंत्राचे फोटो इंटरनेटवर टाकले. या अप्रकाशित यंत्राविषयी चाललेली चर्चा वाचताना, असलेच काहीतरी आपल्या वडिलांकडे आहे, हे त्याच्या लक्षात आले होते. त्याच्या दाव्यावर प्रथम कोणी विश्वास ठेवला नाही, तेव्हा त्याने व्हिडिओही दाखवला.

संशय घेणाऱ्यांना दोष देता येत नाही. फोटोत दिसत होता तो सुपर फॅमिकॉमचा ओळखीचा कंट्रोलर : तोच गोलसर आकार, उजवीकडे तीच चार रंगीत बटणे. फक्त निन्टेन्डोचे नाव असायचे तिथे ‘सोनी प्लेस्टेशन’ छापलेले. एवढे तर घरच्या संगणकावरही जमवता येते. यंत्राचे प्लॅस्टिक मूळच्या पांढरट-राखाडी रंगावरून पिवळसरपणाकडे झुकले होते आणि ते सर्वत्र सारखे पिवळे पडलेले नव्हते. जुनेपणाची ही एक खूण होती. त्या काळच्या प्लॅस्टिकमध्ये आग पसरू नये म्हणून ब्रोमीनयुक्त द्रव्य मिसळत असत. वर्षानुवर्षे उजेड आणि हवा लागून ते पिवळे पडते आणि प्रत्येक भाग आपापल्या वेगाने पडतो. ताज्या साच्यातून काढलेल्या नकलेला हे साधत नाही. मात्र हा पुरावा झाला फार तर यंत्राच्या वयाचा. त्याच्या ओळखीचा तो नव्हे.

ओळख पटली ती ताब्याच्या साखळीतून. ॲडव्हान्टाची दिवाळखोरी, तेथे झालेला लिलाव आणि सोनीतून तेथे आलेला अध्यक्ष या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासता येण्याजोग्या होत्या. त्या गृहस्थांना यंत्राविषयी फारसे काही माहीत नव्हते. ते आपल्याला कुठून मिळाले एवढेच त्यांना सांगता येत होते, आणि नेमके तेवढेच हवे होते. कोणीतरी हीच वस्तू ‘टोकियोतल्या एका मित्राकडून’ मिळाल्याचे सांगून पुढे आणली असती, तर मला वाटते ती आजही वादातच अडकून पडली असती. जुन्या हस्तलिखितांचा किंवा नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याला यात नवे काही दिसणार नाही. व्हिडिओ गेमच्या संग्राहकांना मात्र वस्तूच्या पूर्वेतिहासाचे महत्त्व बऱ्याच उशिरा कळू लागले आहे.

यंत्र चालू करणे

पुढचा प्रश्न होता यंत्र चालते का. पितापुत्र ते घेऊन निरनिराळ्या ठिकाणच्या गेमिंग मेळाव्यांना जाऊ लागले. २०१५ च्या उत्तरार्धात हाँगकाँगमधील जुन्या खेळांच्या एका प्रदर्शनात ते जाणकारांसमोर चालू करून पाहण्यात आले. सुपर फॅमिकॉमची कार्ट्रिज बसवल्यावर खेळ सुरू झाला. सीडीच्या भागाने मात्र काहीच हालचाल केली नाही. म्हणजे अर्धे यंत्र जिवंत होते, आणि तेही ज्या अर्ध्यात नवल काही नव्हते ते. कार्ट्रिज चालवणारा सुपर फॅमिकॉम जगात लाखो घरांत होता.

त्यानंतर यंत्र बेन हेकेनडॉर्न यांच्याकडे गेले. जुनी गेमिंग यंत्रे उघडून दुरुस्त करणारे, त्यांची नवी रूपे बनवणारे आणि हे सगळे व्हिडिओतून दाखवणारे हे अमेरिकन गृहस्थ ‘बेन हेक’ या नावाने ओळखले जातात. २०१६ मध्ये त्यांनी यंत्र पूर्ण उघडले. जगात ज्याची दुसरी प्रत पाहायलाही मिळत नाही असे यंत्र उघडताना सर्किटचा नकाशा हाताशी नसतो, सुटा भाग मिळण्याची शक्यता नसते, आणि हात घसरला तर भरपाई नाही. त्यांनी सर्किट बोर्डावरच्या जोडण्या एकेक करून तपासल्या आणि जीर्ण झालेले कपॅसिटर बदलले. विद्युतभार साठवणारे हे छोटे डबे तीस वर्षांत कोरडे पडतात किंवा गळू लागतात, आणि त्या काळच्या बहुतेक यंत्रांचे पहिले दुखणे तेच असते. पहिल्या फेरीत सीडी चालली नाही. २०१७ मध्ये त्यांनी पुन्हा काम हाती घेतले आणि अखेर ड्राइव्हने सीडी वाचायला सुरुवात केली. प्रथम गाण्यांची सीडी चालली आणि नंतर खेळाची.

उघडलेल्या यंत्राने एका जुन्या दंतकथेचाही निकाल लावला. निन्टेन्डो आणि सोनी भांडल्या नसत्या तर जगाला १९९१ मध्येच प्लेस्टेशन मिळाले असते, असे हळहळणारे अनेक जण होते. प्रत्यक्षात या यंत्रातला चित्रे काढणारा भाग सुपर फॅमिकॉमचाच आहे. त्याला सीडीची प्रचंड साठवण आणि थोडी जादा स्मृती जोडलेली आहे. १९९४ च्या प्लेस्टेशनने जी त्रिमिती चित्रे दाखवली त्यांचा येथे मागमूस नाही. लांबलचक संगीत, बोललेले संवाद आणि थोडीबहुत चलचित्रे एवढीच यात भर पडली असती. दुरुस्तीतून यंत्र मोठे ठरले नाही, पण त्याचे खरे माप कळले. हा लाभ मी विक्रीच्या किमतीहून वरचा मानतो.

यंत्राबरोबर प्रणालीची एक स्वतंत्र कार्ट्रिजही होती. सीडी सुरू करण्यासाठी तीच लागते. तिच्यातील माहिती उतरवून घेतली गेली, तिचा अभ्यास करून संगणकावर या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली तयार झाली, आणि त्या नकलेच्या आधाराने हौशी लोकांनी या न आलेल्या यंत्रासाठी खेळ लिहिले. मूळ वस्तू एकाच कुटुंबाच्या ताब्यात असूनही तिचे ज्ञान सर्वांच्या हाती आले, याचे श्रेय ती उघडू देणाऱ्या आणि प्रत काढू देणाऱ्या मालकांना द्यायला हवे. त्यांनी ती तिजोरीत ठेवली असती तरी कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

विक्री

विकायला काढण्यापूर्वी मालकांनी स्वतःच सांगितले होते की नॉर्वेतील एकाने देऊ केलेले १२ लाख डॉलर आपण नाकारले. पुढे त्यांनी असेही सांगितले की यंत्र घेऊन देशोदेशी हिंडण्यात बराच खर्च झाला, हाती काही आले नाही, आणि हा तोटा किती दिवस सोसायचा. यंत्र टेक्सासमधील डॅलस येथील हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहाकडे गेले आणि ६ मार्च २०२० रोजी बोली संपली. अंतिम बोली ३,००,००० डॉलरची होती. तिच्यावर खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचे २० टक्के शुल्क धरून ३,६०,००० डॉलर झाले. आभासी वास्तवाचे ऑक्युलस यंत्र बनवणारे पामर लकी हेही बोली लावणाऱ्यांत होते. यंत्र मिळाले ते ग्रेग मॅकलेमोर यांना. इंटरनेटच्या पहिल्या लाटेत पेट्स डॉट कॉम स्थापन करणारे हे उद्योजक नाण्यांवर चालणाऱ्या जुन्या खेळयंत्रांचे मोठे संग्राहक आहेत, आणि आपला संग्रह पुढे संग्रहालयाच्या रूपाने लोकांसमोर यावा असा त्यांचा मानस आहे.

१२ लाख सोडून ३ लाखांवर समाधान मानले म्हणून मालकांची बरीच टिंगल झाली. ती मला पटत नाही. कोणी तोंडी रक्कम देऊ करणे आणि ती खात्यात जमा होणे यांत फार अंतर असते. ज्या वस्तूला पूर्वी कधी बाजारभावच नव्हता तिचा पहिला भाव उघड लिलावातच ठरतो. शिवाय सोनी-निन्टेन्डोच्या करारातून जन्मलेले, तिसऱ्याच कंपनीच्या दिवाळखोरीत विकले गेलेले हे यंत्र नामांकित लिलावगृहातून, सर्वांच्या डोळ्यांदेखत विकले गेले. तसे झाल्याने त्याच्या मालकीची बाजूही पूर्वीपेक्षा पुष्कळ भक्कम झाली. खाजगी व्यवहारात ते साधले नसते.

जे मिळाले नाही ते

इतर काही प्रकरणांत उलट घडलेले दिसते. निन्टेन्डोच्या ‘मदर’ या खेळाची इंग्रजी आवृत्ती १९९० मध्ये जवळपास तयार होऊनही बाजारात आली नाही. तिची प्रोटोटाइप कार्ट्रिज १९९८ मध्ये हौशी मंडळींनी पैसे जमवून उतरवून घेतली. ती खरी नसून कोणीतरी घरी केलेले भाषांतर आहे, हा आक्षेप कित्येक वर्षे चालू होता. २०१५ मध्ये निन्टेन्डोने स्वतःच ती आवृत्ती अधिकृतपणे विक्रीला आणली तेव्हा त्यावर पडदा पडला. ‘सिमसिटी’ खेळाच्या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रासाठी बनलेल्या अप्रकाशित आवृत्तीच्या दोन कार्ट्रिज २०१७ मध्ये उजेडात आल्या. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका संस्थेने पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिची प्रत सर्वांसाठी खुली केली. दोन्ही वेळा खेळ मिळाला होता आणि तो चालवायला लागणारे यंत्र घरोघरी होते.

येथे यंत्र मिळाले, ते दुरुस्तही झाले, पण त्याच्यासाठी त्या काळात लिहिलेला एकही खेळ सीडीवर आजवर समोर आलेला नाही. तो कुठे असेल तर तोही अशाच कुठल्यातरी खोक्यात, वर नाव नसलेल्या सीडीवर असेल, आणि सीडी तर भांड्यांहूनही लवकर कचऱ्यात जाते. बेन हेक यांच्या टेबलावर दुरुस्त झालेल्या ड्राइव्हमध्ये जी सीडी फिरली तीवर चाहत्यांनी लिहिलेला खेळ होता. तो त्या यंत्राहून जवळपास पंचवीस वर्षांनी लहान होता.